स्टेटससाठी जादा फ्लाइट मारायची का, आणि मारायचीच तर कशी: मुंबईहून फ्लाइंग ब्लूचा पूर्ण हिशेब

एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लू अकाउंटमध्ये १६० पॉइंट दिसतायत, गोल्डला १८० लागतात आणि वर्ष संपायला दीड महिना उरलाय. आता या वीस पॉइंटांसाठी एक जादा फ्लाइट मारावी का? हा प्रश्न आता फक्त मोठ्या साहेब लोकांचा राहिलेला नाही. पुण्या-मुंबईतले प्रोजेक्टसाठी येऊन-जाऊन असणारे आयटीवाले, वर्षातून दोनदा लेकीकडे किंवा मुलाकडे जाणारे आईबाबा, युरोपात राहून गावाकडे येणारी मंडळी, सगळ्यांना तो पडतो. स्टेटस म्हणजे वारंवार उडणाऱ्यांना एअरलाइन देते ती सिल्व्हर, गोल्ड वगैरे पायरी आणि तिच्यासोबतच्या सोयी. त्यासाठी मारलेल्या फ्लाइटला स्टेटस रन म्हणतात. म्हणजे कुठे पोचायचंय म्हणून नाही, तर पॉइंट मिळवायचेत म्हणून केलेला प्रवास. माझं मत आधीच सांगते. स्टेटस रन हा फक्त शेवटचा छोटा खड्डा भरायला वापरायचा, शून्यापासून स्टेटस विकत घ्यायला नाही. आणि तो खड्डासुद्धा निम्म्या वेळा वेगळी फ्लाइट न घेता भरता येतो, ते कसं ते खाली येईलच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एअरलाइनच्या अकाउंटमध्ये दोन वेगवेगळे आकडे असतात. एक माइल्स, जे खर्च करून फुकट तिकीट मिळतं, आणि दुसरा स्टेटसचा आकडा, जो खर्च करता येत नाही, फक्त तुमची पायरी ठरवतो. क्रेडिट कार्डवरून हस्तांतर केलेले पॉइंट बहुतेक ठिकाणी पहिल्यात पडतात, दुसऱ्यात नाही. बरेच जण माइल्सचा मोठा आकडा बघून खूश असतात आणि स्टेटसचा आकडा जिथल्या तिथे असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे स्टेटस रन सगळ्याच प्रोग्रॅममध्ये आता चालत नाही. पूर्वी स्टेटस अंतरावर किंवा फ्लाइटच्या संख्येवर मिळायचं, त्यामुळे स्वस्त तिकिटात लांबचा वळसा मारला की काम व्हायचं. आता बऱ्याच कंपन्यांनी ते सरळ खर्चाला जोडलंय. डेल्टाने २०२४ पासून स्टेटससाठी फक्त खर्चाचा आकडा ठेवला, सिल्व्हरला ५,००० डॉलर, गोल्डला १०,०००, प्लॅटिनमला १५,००० आणि डायमंडला २८,०००. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून एका पाउंडाला एक टियर पॉइंट (त्यांचा स्टेटसचा आकडा) असं केलं आणि गोल्डला २०,००० लावले, त्याआधी १,५०० पॉइंट लागायचे आणि लोक कतारच्या बिझनेस क्लासमधून लंडन-दोहा-क्वालालंपूर असा एक फेरा मारून चार टप्प्यांचे ५६० घेऊन यायचे. तो खेळ संपला. एअर इंडियानेही एप्रिल २०२४ पासून पॉइंट खर्चावर नेले, त्याच प्रोग्रॅमचं नाव आता महाराजा क्लब आहे. अशा ठिकाणी स्वस्त तिकिटावर वळसा मारून काहीच मिळत नाही, स्वस्त तिकीट म्हणजे कमी पॉइंट, विषय संपला.

जिथे अजून अंतर आहे तिथेही प्रत्येक ठिकाणी परवडतं असं नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये एलिट गोल्डला बारा महिन्यांत ५०,००० एलिट माइल्स लागतात. मुंबई-सिंगापूर एका बाजूने साधारण २,४०० मैल, म्हणजे अगदी शंभर टक्के मैल मोजले तरी वीस-एकवीस वेळा उडावं लागेल, आणि सगळ्यात स्वस्त लाइट भाड्यावर तर निम्मेच मिळतात. त्यामुळे इकॉनॉमीत तिथे नुसता रन काढायचा विचारसुद्धा करू नका.

मग राहतं काय? मुंबईकरांच्या सोयीचं माझ्या मते एकच, एअर फ्रान्स आणि केएलएमचं फ्लाइंग ब्लू. दोन्ही कंपन्या मुंबईहून थेट पॅरिस आणि ॲमस्टरडॅमला जातात, आणि इथे स्टेटसचा आकडा, ज्याला एक्सपी म्हणतात, तो तिकिटाच्या किमतीवर ठरत नाही. प्रत्येक टप्प्याचं अंतर आणि तुम्ही कुठल्या क्लासमध्ये बसलात, एवढ्यावरच ठरतो. म्हणून बाकीचा लेख यावरच आहे.

एक्सपीचा तक्ता पाठ करण्यासारखा आहे. इकॉनॉमीत एका देशातल्या देशात उडालात तर २, देशाबाहेर पण २,००० मैलांच्या आत ५, दोन हजार ते साडेतीन हजार मैल ८, साडेतीन ते पाच हजार १०, आणि त्याच्या वर १२. प्रीमियम इकॉनॉमीला याच्या दुप्पट, बिझनेसला तिप्पट, फर्स्टला पाचपट. मुंबईहून पॅरिस किंवा ॲमस्टरडॅम हे दोन्ही साडेतीन ते पाच हजारांत बसतात, म्हणजे एका बाजूला इकॉनॉमीत १०, प्रीमियममध्ये २०, बिझनेसमध्ये ३०. मोजणी टप्प्याटप्प्याने होते, म्हणजे कनेक्शन असलं तर प्रत्येक विमानाचे वेगळे एक्सपी. या एका वाक्यात सगळी गंमत आहे.

पायऱ्या अशा: सिल्व्हरला १०० एक्सपी, गोल्डला १८०, प्लॅटिनमला ३००. इथे बहुतेक जण गडबडतात, म्हणून नीट वाचा. सिल्व्हर मिळालं की ते १०० वजा होतात, काटा पुन्हा खाली येतो आणि नवीन बारा महिने सुरू होतात. त्यानंतर गोल्डला पूर्ण १८० लागतात, उरलेले ८० नाही. म्हणजे शून्यापासून गोल्डपर्यंत एकूण २८०. ऐकायला वाईट वाटतं पण त्याचा फायदाही आहे, सिल्व्हर झाल्यावर घड्याळ नव्याने सुरू होत असल्यामुळे २८० जमवायला एकच वर्ष नाही, जवळपास दोन वर्षांपर्यंतचा वेळ मिळू शकतो. आणि इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर नसतं, प्रत्येकाचं आपापलं असतं. ॲप उघडून आपली शेवटची तारीख बघा आणि आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका.

आता खरा प्रश्न, स्टेटस हवंच कशाला? सिल्व्हरसाठी एक रुपयाही जास्त घालवू नका. चेक-इनची वेगळी रांग वगैरे ठीक आहे पण लाउंज मिळत नाही. जे काही आहे ते गोल्डमध्ये आहे. गोल्ड म्हणजे स्कायटीम या विमान कंपन्यांच्या गटाचं एलिट प्लस, त्यात आंतरराष्ट्रीय प्रवासात इकॉनॉमीचं तिकीट असलं तरी लाउंज, सोबत एक पाहुणा, एक जादा बॅग, आणि चेक-इनपासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत प्राधान्य. हे फक्त दोन कंपन्यांवर नाही, डेल्टा, व्हर्जिन अटलांटिक, कोरियन एअर, व्हिएतनाम एअरलाइन्स, सौदिया, केनिया एअरवेज, २०२४ पासून स्कॅन्डिनेव्हियन एसएएस, सगळ्यांवर चालतं. फक्त अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात डेल्टाचं लाउंज यावर मिळत नाही, प्रवास आंतरराष्ट्रीय असेल तरच.

कागद घ्या आणि पुढच्या बारा महिन्यांत स्कायटीमवर तुमचे किती प्रवास ठरलेले आहेत ते लिहा. मनात आहेत ते नाही, ठरलेले. समजा दोन परदेशवाऱ्या आहेत, कनेक्शन धरून आठ वेळा लाउंजला जाल, आणि एरवी लाउंजला दोन-अडीच हजार दिले असते, तर झाले साधारण वीस हजार. आता त्यातून वजा करा, कारण बऱ्याच जणांच्या क्रेडिट कार्डावर लाउंज आधीच मिळतं, मग त्याची किंमत शून्यच धरायची. जादा बॅगचं मात्र उलट आहे, आपल्याकडे ती सोन्याच्या भावाची. बाळंतपणाला निघालेली आई डिंकाचे लाडू, गोडा मसाला, भाजणी, लोणची आणि बाळाची दुपटी घेऊन निघते तेव्हा त्या एका बॅगेचे पैसे वाचणं खरं असतं. फक्त लक्षात ठेवा की स्टेटस ज्याच्या नावावर त्याचाच फायदा, मुलाच्या गोल्डवर आईला एकटीला जादा बॅग मिळत नाही. त्यामुळे घरात जो सगळ्यात जास्त उडतो त्याच्यापेक्षा, ज्याला या सोयींची सगळ्यात जास्त गरज आहे त्याचं स्टेटस होतंय का, हे बघणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

हा फायद्याचा आकडा आला की तीच तुमची खर्चाची वरची मर्यादा. फायदा वीस हजारांचा आणि रन साठ हजारांचा, तर चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला, विषय तिथेच सोडून द्या.

आता खड्डा भरायचे मार्ग, आणि हे ज्या क्रमाने सांगतेय त्याच क्रमाने बघा.

पहिला मार्ग, ठरलेलं तिकीट वाकवा. समजा तुम्हाला तसंही न्यूयॉर्कला जायचंय. मुंबई-पॅरिस-न्यूयॉर्क इकॉनॉमीत एका बाजूला १० आणि १०, जाऊन-येऊन ४०. हेच मुंबई-पॅरिस-ॲमस्टरडॅम-न्यूयॉर्क असं घेतलं तर मधला ५ चा टप्पा वाढतो, जाऊन-येऊन ५०. दहा एक्सपी जवळपास तेवढ्याच पैशांत, फक्त चार-पाच तास जास्त. साइटवर सरळ शोधलं तर हे दिसत नाही, मल्टी-सिटी शोधात टप्पे स्वतः टाकावे लागतात, आणि कधीकधी भाडं उडी मारतं कारण त्या भाड्याच्या नियमात तो मार्ग बसत नाही. तसं झालं तर तारीख बदलून बघा, नाहीतर चांगल्या ट्रॅव्हल एजंटला सांगा, अशा कामात जुना जाणकार एजंट अजूनही साइटपेक्षा भारी पडतो. आणि कंपनीच्या पैशाचं तिकीट असेल तर आपल्या पॉइंटांसाठी कंपनीचा खर्च वाढवू नका, भाडं तेवढंच असेल तरच वळसा घ्या.

दुसरा मार्ग, क्लास वाढवा. मुंबई-पॅरिस जाऊन-येऊन इकॉनॉमीत २०, प्रीमियममध्ये ४०. वर सांगितलेला वीसचा खड्डा इथेच भरला, शिवाय त्या आठ-दहा तासांत पाय पसरायला जागा मिळाली. भाड्यातला फरक एका वेगळ्या ट्रिपपेक्षा बऱ्याचदा कमी असतो. तिकीट घेतानाच प्रीमियमचं घ्या, माइल्स देऊन नंतर केलेलं अपग्रेड एक्सपीसाठी मोजलं जात नाही. एक हिशेब इथे धरायला हवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रीमियम इकॉनॉमी आणि बिझनेसच्या तिकिटावर जीएसटी १८ टक्के आहे, पूर्वी १२ होता, इकॉनॉमीवर मात्र ५ टक्केच. त्यामुळे तुलना करताना शेवटच्या पानावरची रक्कम बघा, पहिल्या पानावरची नाही.

तिसरा मार्ग, युरोपात असताना छोटी फेरी. कामासाठी ॲमस्टरडॅममध्ये आहात, किंवा शेजारच्या ॲमस्टलवीनमध्ये राहताच, तर ॲमस्टरडॅम-पॅरिस जाऊन-येऊन इकॉनॉमीत १० आणि बिझनेसमध्ये ३०. युरोपातल्या बिझनेसमध्ये खुर्ची तीच असते, मधली सीट रिकामी आणि थोडं खाणं, पण एक्सपी तिप्पट. शनिवारी सकाळी जाऊन रात्री परत. फक्त तिथून निघताना प्रवासी कर लागतो, नेदरलँड्समध्ये माणशी तीसेक युरो, तोही भाड्यात धरा.

चौथा मार्ग असा की जो उडायला लावतच नाही. फ्लाइंग ब्लूमध्ये पर्यावरणपूरक विमान इंधनासाठी पैसे दिले की थोडे एक्सपी मिळतात. दोन-चार एक्सपीच कमी पडत असतील तर आधी तिथला दर बघा. पॉइंटांसाठी रिकामं उडण्यातून हवेत जाणारा धूर मला खरंच खटकतो, आणि जिथे टाळता येईल तिथे टाळावा असं माझं मनापासून म्हणणं आहे.

हे चारही जमत नसेल तरच पाचवा, म्हणजे खरा स्टेटस रन. यात मार्ग निवडण्यात सगळं कौशल्य आहे. एक उदाहरण घ्या, फ्रान्समधलं नीस. मुंबई-पॅरिस-नीस बिझनेसने गेलात तर पॅरिस-नीस हा देशातल्या देशातला टप्पा, त्याला फक्त ६. एका बाजूला ३६, जाऊन-येऊन ७२. तेच मुंबई-ॲमस्टरडॅम-नीस गेलात तर दुसरा टप्पा आंतरराष्ट्रीय, त्याला १५. एका बाजूला ४५, जाऊन-येऊन ९०. शहर तेच, क्लास तोच, १८ एक्सपी जास्त. आणि मुंबई-पॅरिस-ॲमस्टरडॅम-बार्सिलोना असं जमलं तर एका बाजूला ६०. म्हणजे लक्षात काय ठेवायचं तर लांब टप्पा एकच बस, त्यापुढे छोटे छोटे पण सीमा ओलांडणारे टप्पे जोडायचे.

मग प्रत्येक पर्यायाची एकूण किंमत भागिले मिळणारे एक्सपी. समजा इकॉनॉमीचं मुंबई-ॲमस्टरडॅम ५५,००० ला मिळालं, २० एक्सपी, म्हणजे एका एक्सपीला २,७५०. समजा बिझनेसचं नीस १,८०,००० ला मिळालं, ९० एक्सपी, म्हणजे २,०००. दराने बिझनेस स्वस्त, पण तुमचा खड्डा वीसचाच असेल तर दर बघून एक लाख ऐंशी हजार उधळायचे नाहीत, तिथे ५५ हजारवालाच बरोबर. भाड्याचे आकडे मी समजायला घेतलेत, तुम्ही त्या दिवशीचे टाका. हो, जास्तीचे एक्सपी वाया जात नाहीत, ३०० पर्यंत पुढच्या वर्षात जातात, तेव्हा पुढच्या वर्षीही गोल्ड टिकवायचंच असेल तर थोडं जास्त मिळालेलं चालतं.

व्हिसा हा भाग भारतीय पासपोर्टवाल्यांनी सगळ्यात आधी बघायचा. ॲमस्टरडॅमहून नीसला गेलात म्हणजे तुम्ही ॲमस्टरडॅमलाच शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटात शिरलात, ट्रान्झिटवर भागत नाही, पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो, त्याबरोबर किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा. मुंबई-पॅरिस-ॲमस्टरडॅम-न्यूयॉर्क या वळशालाही हेच लागू आहे, कारण मधला टप्पा शेंगेनच्या आतला आहे! हातात मल्टिपल एंट्री शेंगेन असेल तरच वरचे बहुतेक मार्ग तुमच्यासाठी आहेत. फक्त रनसाठी नवीन व्हिसा काढून त्याची फी आणि व्हीएफएसच्या व्हिसा केंद्राच्या फेऱ्या धरल्या तर हिशेब कोलमडतो. आणि सकाळी उतरून संध्याकाळी परत असं करू नका, इमिग्रेशनला प्रश्न पडतात आणि ते साहजिक आहे. दोन रात्री रहा, हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट हातात ठेवा. एवढे पैसे घातलेच आहेत तर नीसचा समुद्र तरी बघा.

बुकिंग करताना सगळे टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कोणी घेत नाही. नागपूर, संभाजीनगर, कोल्हापूरहून मुंबईला वेगळ्या तिकिटावर येणाऱ्यांनी तर एक दिवस आधीच यावं. आता यात नवी मुंबईची भर पडलीय, २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं सुरू झालीत, तेव्हा तुमचं देशांतर्गत विमान नवी मुंबईला उतरतंय की मुंबईच्या जुन्या विमानतळावर ते तिकिटावर नीट बघा, कारण दोन्हींमध्ये सामान घेऊन रस्त्याने जायचंय आणि मुंबईच्या ट्रॅफिकची खात्री कोणी देऊ शकत नाही. देशांतर्गत विमानात हातातली बॅग सात किलोचीच, केएलएमच्या इकॉनॉमीत एकूण बारा किलो चालते, म्हणून वजन सातच्या हिशेबाने भरा.

फ्लाइंग ब्लूचा नंबर बुकिंगच्या वेळीच टाका आणि नाव पासपोर्टसारखंच ठेवा. आपल्याकडे पासपोर्टवर पहिल्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि अकाउंट उघडताना आपण फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव टाकतो, मग नावं जुळत नाहीत आणि पॉइंट अडकतात. प्रवासाआधी प्रोफाइल दुरुस्त करून घ्या. भागीदार कंपनीच्या विमानाने जाणार असाल तर तिकिटावरचा बुकिंग क्लास, म्हणजे ते एक अक्षर, फ्लाइंग ब्लूच्या साइटवरच्या तक्त्यात शोधा, काही फार स्वस्त अक्षरांना काहीच मिळत नाही. माइल्स देऊन घेतलेल्या तिकिटावरही एक्सपी नाहीत.

तारीख निवडताना शेवटचा आठवडा कधीच धरू नका. एक्सपी उडाल्याच्या तारखेला मोजले जातात, बुकिंगच्या नाही. जानेवारीत ॲमस्टरडॅमला बर्फ आणि वारा, जुलैत मुंबईला पाऊस, एक विमान रद्द झालं की वर्ष हातचं गेलं. निदान महिनाभर आधी उडून मोकळे व्हा. युरोपात शिरताना ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत सुरू झालीय, रांगा लांबतात, म्हणून ॲमस्टरडॅमला पहिल्या कनेक्शनला दोन-अडीच तास तरी ठेवा, साइट पन्नास मिनिटांचं कनेक्शन देत असली तरी.

प्रवासात एकही टप्पा सोडू नका. शेवटचं छोटं विमान कंटाळा आला म्हणून टाळलं तर त्याचे एक्सपी जातात, आणि मधला टप्पा टाळला तर पुढचं सगळं तिकीट रद्द होतं, परतीचं धरून. कंपनीने स्वतःहून तुमचा मार्ग बदलला, समजा ॲमस्टरडॅमचं विमान रद्द करून थेट पॅरिसवरून पाठवलं, तर काउंटरवरच त्याचा लेखी पुरावा घ्या, आणि घरी येऊन मूळ तिकिटाप्रमाणे एक्सपी द्या असा अर्ज करा. सौम्य शब्दांत, जुनं तिकीट आणि नवीन बोर्डिंग पास जोडून लिहिलं तर बऱ्याचदा देतात.

बोर्डिंग पास पॉइंट जमा होईपर्यंत फेकू नका, मोबाइलवर असेल तर स्क्रीनशॉट काढा, कारण विमान सुटलं की तो ॲपमधून कधीकधी गायब होतो. एअर फ्रान्स-केएलएमचे एक्सपी काही दिवसांत दिसतात, भागीदार कंपनीचे थोडे उशिरा. दोन-तीन आठवडे थांबून दिसले नाहीत तर अकाउंटमध्ये जाऊन दावा टाका, तिकिटाचा तेरा आकडी नंबर तिथे लागतो, तो ई-तिकिटावर असतो. गोल्ड दिसायला लागलं की पुढची जी बुकिंग्ज आधीच केलेली आहेत ती उघडून त्यात स्टेटस आलंय का बघा, जुन्या बुकिंगमध्ये कधीकधी जुनीच पायरी राहते, नंबर काढून पुन्हा टाकला की बहुतेक वेळा होतं, नाही झालं तर चेक-इनच्या काउंटरवर ॲपमधलं कार्ड दाखवायचं.